सहापर्यंतचं पाणी

नुमान, मोबाईल खाली ठेव आणि ऐक. माझ्या भावजयीच्या शेजारणीवर, तिकडं आखातात अझैब्यात राहणाऱ्या सफियावर गुदरलेली गोष्ट आहे.

नवऱ्याच्या, हुसेनच्या, चाळिसाव्या दिवसाच्या फातेहाच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, सफिया खजूर आणि तांदूळ आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. ऊन असं, की डांबर चपलेला चिकटावं. दुकानदार जहूरनं थंड पाण्याची बाटली पुढं केली.

"घ्या भाभी, ओठ बघा कसे फुटलेत."

तिनं बाटली मागं सारली. हुसेन गेल्यापासून ती दिवसाला दोन घास आणि घोटभर चहावर होती. परवापासून तेही सोडलेलं.

का, ते ऐक. ऑपरेशनच्या पहाटे नर्स सांगून गेली होती, सहापर्यंत साधं पाणी पिऊ द्या. पण सफियानं रत्नागिरीकडं जन्मभर ऐकलेलं, ऑपरेशन म्हणजे आदल्या रात्रीपासून थेंब नाही. हुसेननं पेला उचलला, तो हिनं काढून घेतला.

"त्या पोरीला काय कळतंय? कोरड्या पोटीच जायचं असतं."

तो हसला. "बरं डाक्टरीणबाई, तुमचं खरं."

अंग सुकलेलं. टेबलावर रक्तदाब कोसळला. तो सावरायला सलाईन वाढवत नेलं, ते फुप्फुसांत उतरलं. हुसेन परत आलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदयही कमजोर होतं, तुमचा दोष नाही. पण सफियाच्या डोळ्यांपुढं तो पेलाच राहिला.

त्या गुरुवारी रात्री पावणेतीनला तिला जाग आली. जीभ टाळूला चिकटलेली. उठायला जावं तर अंगात त्राण नाही. बरंच झालं, तिला वाटलं. सुटले.

एसी बंद पडला.

पलंगाची कड दबली. कुणीतरी बसलं.

"सफे..."

तिनं डोळे गच्च मिटले. "पाणी मागायला आलात? मी दिलं नाही तुम्हाला... मलाही न्या."

तिच्या हातावरून बोटं फिरली. थंडगार. शीर चाचपावी तशी.

"हलू नको."

टोचलं... मग शिरेतून गार पाणी वर चढत गेलं.

सकाळी मुलगी अफशा आत आली, तर आई उठून बसलेली. ओठांच्या भेगा मऊ पडलेल्या. घरात मायलेकींखेरीज कुणी नव्हतं, दाराला आतून कडी.

"अम्मी, हे... हाताला काय लावलंस?"

सफियानं खाली पाहिलं. हाताच्या पाठीवर कापसाचा बोळा, चिकटपट्टीनं नीट बसवलेला. तिनं तो उचलला. खाली शिरेवर टोचल्याची निळी खूण.

कापूस अजून ओला होता.