मागचा माणूस

आमच्या जिते गावाकडच्या खाडीवर थंडीच्या तोंडाला तुतवार येतात. मूठभर पाखरू, काडीसारखे पाय. कुठल्या बर्फाच्या मुलखातून उडत येतात आणि चोची आमच्या चिखलात खुपसतात, तिकडे चिखल मिळत नाय जसा काय. ओहोटीला चिखलात, भरतीला बांधावर. माणूस आलं की समोरची उडतात, आणि ते पुढे सरकलं की पाठीमागे लगेच येऊन बसतात. जन्मभर हेच बघत आलोय.

बांधाच्या पलीकडे खारं पाणी, अलीकडे आमचं भात. म्हणून उधाणाला दोघांनी बांध चालायचा. पुढचा अनवाणी टाचेने चाचपत जातो. चिंबोऱ्या-खेकड्यांनी पाडलेलं भोक लागलं की टाच तिथंच दाबून धरायची आणि मागे न बघता हात करायचा. मागचा त्या हातात चिखलाचा गोळा ठेवतो. वळून बघायला गेलास आणि टाच हलली, तर बांध फुटलाच म्हणून समज. परतताना अरुंद बांधावर दोघं जागीच वळतात, मग मागचा आपोआप पुढे होतो.

मी पुढे, हिराजी मागे. लग्नाआधीपासूनची आमची जोडी. गेल्या पावसाळ्यात हिराजी तापाने गेला.

दिवाळीच्या अवसेला दुपारचं उधाण होतं. बायको म्हणाली, "एकलं नका जाऊ. आपला पोरगा जितेश शिफ्टवरून येल, त्याला घ्या."

"पाणी काय शिफ्ट बघून येतं, हौसा? वर्षाचं भात उभं हाय गो."

बांधावर ऊन छान पडलं होतं, पिकल्या भाताचा वास सुटला होता. खरं सांगतो, मी मजेत होतो. पाखरं समोरून उडत होती, मागे बसत होती. पण लगेच नाय. माझ्या पाठीशी एका माणसाची जागा सोडून. मी थांबलो की ती जागाही थांबायची.

"यंदा भात बरं हाय, हिराजी," मी आपलं गमतीने म्हटलं. जरा बरं वाटलं.

वळणावर टाच आत गेली. खालून पाणी जोरात ओढत होतं. एवढं मोठं भोक मला कधी लागलं नव्हतं. टाच दाबून धरली. वर्षाचं अन्न त्या टाचेवर होतं.

सवयीने हात मागे केला.

हातात गोळा आला.

गार, नीट मळलेला. भोकात कोंबला. पुन्हा हात केला, पुन्हा आला. मागे बघितलं नाय. बघायचं नसतं.

पाणी थांबलं. भात वाचलं. इतकं समाधान वाटलं की डोळे भरून आले.

मग वळलो. बांधावर कोणी नव्हतं.

थोडं पुढे पाखरं उठत होती, सावकाश, माणसाच्या चालीने. बरोबरच होतं. परतीला मागचा पुढे. मी वाकून चिखलाचा गोळा केला, हातात धरला आणि त्याच्या मागून निघालो.

त्याच्या पाठीमागे पाखरं लगेच बसत होती. अगदी माझ्या पायांशी.

मी चालत होतो. ती उठत नव्हती, बांधावर मी नव्हतोच जसा काय.

एक तर माझ्या पावलावर चढलं, चोच पुसली आणि तिथंच बसून राहिलं.