डॉट इनची बाजू

वृषाली केडगावहून भिजत नगरच्या इंटरनेट सेंटरवर पोचली, तेव्हा तिच्या खुर्चीत एक मुलगा बसलेला होता. सेंटरवाल्या मच्छिंद्रशेठने दोघांनाही एकच वेळ देऊन ठेवली होती. साल अठ्ठ्याण्णवचं, श्रावणाचे दिवस. अख्ख्या सेंटरला जोडणी एकच, आणि तीही पुण्याला फोन लावून मिळणारी.

"तुम्ही बसा," तो उठत म्हणाला. "मला नुसता एक अर्ज पाठवायचाय. राहिला तर राहिला."

असं म्हणणारा माणूस निदान निघून तरी जातो. हा मागे उभाच राहिला. वृषालीने ओली ओढणी सारखी केली आणि कामाला लागली. तिला कॉलेजात सेमिनार द्यायचा होता. वेबसाइटच्या नावाला मागे डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग असं जे लागतं, त्यातलं कुठलं किती वाढतंय आणि का. एकेक पान उघडेपर्यंत पुढ्यातला चहा निवत होता.

"यात आपलं डॉट इन कुठं आहे?" मागून आवाज आला.

"मोजण्याइतकं नाहीच ते. डॉट कॉम लाखांनी वाढतंय. डॉट इन कोण घेतं?"

"घ्यायला देतात कुठं? कंपनीचे कागद आणा, शिक्के आणा, परवानगीची वाट बघा. दार लावून घ्यायचं आणि म्हणायचं, कुणी येत नाही."

"म्हणजे… दार उघडलं की येतील?"

"येतील ना. मी तर आत्तापासूनच उभा आहे."

ती स्क्रीनकडे बघत हसली. त्या बोलण्याचा दुसरा अर्थ तिला केडगावच्या बसमध्ये लागला, आणि एकटीच असूनही तिने मान खाली घातली.

मग दर शनिवारी दोघं एकाच वेळेला येऊ लागली. त्याचं नाव वैजनाथ. पाथर्डी तालुक्यातल्या कोरडवाहू गावचा, नगरला वसतिगृहात राहून संगणक शिकणारा. दिवाळी झाली की आईवडील ऊसतोडीला जात, हे त्याने सहज सांगितलं. तिनेही मग आपलं सांगून टाकलं. वडील बन्सी एमआयडीसीत कामगार, घर बौद्ध. मागाहून कळून तो दूर व्हायचा असेल तर आत्ताच व्हावा, असं तिला वाटलं होतं. मग त्याने शेंगांची पुडी तिच्याकडे सरकवली.

"खा, सादळतील," एवढंच म्हणाला.

सेमिनारचा तक्ता दोघांनी मिळून काढला. डॉट कॉमची रेघ कागदाबाहेर जाऊ बघत होती, डॉट नेट आणि डॉट ऑर्ग तिच्या मागे रखडत होते. डॉट इनची रेघ वैजनाथने स्वतः हिरव्या पेनाने ओढली, अगदी तळाशी. रेघ ओढताना त्याचं मनगट तिच्या हाताला लागलं. दोघांनीही हात तसेच राहू दिले.

दिवाळीनंतर त्याच्या अर्जावर पुण्याच्या एका कंपनीने त्याला मुलाखतीला बोलावलं. आणि त्याच आठवड्यात श्रीगोंद्याकडे उसाची ट्रॉली उलटून त्याची आई, चांगुणा, खाली सापडून गेली. मच्छिंद्रशेठकडून वृषालीला हे कळलं, तेव्हा तो गावाकडे निघूनही गेला होता. मुलाखतीची तारीख गेली. तो परत आला नाही; वडिलांजवळ श्रीगोंद्याच्या फडावर राहिलाय, एवढंच पुढे कळलं.

सेमिनारच्या दिवशी सरांनी विचारलं, एवढंसं डॉट इन तक्त्यात घेतलंच कशाला? "लोकांना नको आहे म्हणून ते लहान नाही, सर. दार बंद आहे म्हणून आहे," ती म्हणाली, आणि तिने तळाच्या हिरव्या रेघेवर बोट ठेवलं.

घरी येऊन तिने वडिलांना सगळं सांगितलं. रविवारी बन्सी शर्ट घालून तयार होते. दुःखात भेटायला जायचं, त्याला आमंत्रण कशाला, म्हणाले.

श्रीगोंद्याजवळच्या उसाच्या फडावर तोडणाऱ्यांच्या पाचटाच्या झोपड्या, कोप्या, होत्या. वैजनाथ मोळी टाकून समोर आला. हात पाचटाने कापलेले, गाल बसलेले.

"इथं एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी," तो हळूच म्हणाला. "एकट्याला मुकादम ठेवत नाही. आई गेली, तात्यांची जोडी मोडली. माझं लग्न लावून नवी जोडी करायचं चाललं होतं."

"मग?"

"मी नाही म्हणालो. म्हणून आईच्या जागी मी उभा आहे." तो थांबला. "का नाही म्हणालो, ते तुला… सांगायला हवं का?"

तिने नकारार्थी मान हलवली.

त्याचे वडील गोरक्षनाथ कोपीतून बाहेर आले. त्यांनी पाणी विचारलं, आणि मग कोणत्या लोकांतले हेही विचारलं. बन्सींनी सरळ सांगितलं. गोरक्षनाथांनी आधी मुलाकडे आणि मग पोरीकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं.

"मानसं भली दिसत्यात," ते म्हणाले. "पन मी जिता हाय तवर ही पोरगी माझ्या घरात न्हाई."

"तात्या, हंगामाची बोली झालीय, ती मी पुरी करीन," वैजनाथ म्हणाला. "आईच्या वाटचा ऊस मी तोडीन. पण पट्टा पडला, कारखाना बंद झाला, की मी तुमच्यासंगं गावाकडं येणार नाही. केडगावला जाईन."

गोरक्षनाथ खाली पडलेला कोयता उचलून उसात शिरले. त्यांचे खांदे एकदम म्हाताऱ्यासारखे दिसले. वैजनाथने वृषालीकडे डोळे भरून पाहिलं, दुसरा कोयता घेतला आणि बापाच्या मागे गेला. थोड्या वेळाने दोन कोयत्यांचे आवाज येऊ लागले.

बन्सी आणि वृषाली बांधावरून रस्त्याकडे निघाले. बरंच अंतर गेल्यावर बन्सींनी विचारलं, "कारखाना बंद कधी होतो गं?"

"एप्रिलमध्ये… अण्णा."

"तोवर तुझी परीक्षा होऊन जाईल," ते म्हणाले आणि त्यांनी येणाऱ्या एसटीला हात केला.