मेघाची शिंक

भर दुपारी रुखमिणी हापशीवर पाण्याला गेली. लेकीला, मेघाला जाग यायच्या आत परतायचं, असा तिचा बेत होता.

नऊ वर्षांच्या मेघाच्या डोक्यातली गाठ नागपूरच्या डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून काढली होती. बाहेरून एक टाकासुद्धा नाही. आंबागडात कुणाचा विश्वास बसेना, म्हणून सारा गाव येऊन पोरीला पाहून गेला. घरी सोडताना डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं, तिला शिंकू देऊ नका. आतलं ठिगळ अजून कच्चं आहे. ते सुटून नाकातून मेंदूचं पाणी गळलं, तर जिवावर बेतेल. तेव्हापासून रुखमिणी फोडणीसुद्धा अंगणात देत होती.

परतताना तिला आपल्या घरातून धूर निघताना दिसला. डोईवरचा पाण्याचा गुंड तिथंच टाकून ती धावली.

मेघाच्या खाटेशी मोठी नणंद धुरपता बसली होती. इतक्या लोकांची नजर लागली असेल, म्हणून तिनं मीठ-मोहरी-मिरच्या पोरीवरून ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या होत्या. माया आंधळी असते, ती अशी.

"अक्का! मिरच्या काहून जाळल्या? शिंक आली असती तं?"

"नाही आली ना वो..." धुरपता निखाऱ्याकडे बघत म्हणाली. "कोणालेच ठसका नाही लागला. वास बी नाही... म्हणजे नजर लय जबर आहे."

खरंच होतं. मिरच्या जळून कोळसा झाल्या होत्या, घर धुरानं कोंदलं होतं, आणि वास म्हणून नव्हता. रुखमिणीनं मेघाला उचललं आणि अंगणात नेऊन मांडीवर घेतलं. मागोमाग धुरपताही आली. मेघाचं नाक कोरडं होतं. रुखमिणीला आनंदानं रडू फुटलं.

तेवढ्यात घरात कुणीतरी शिंकलं.

लहान पोरीची शिंक. मग आणखी एक. मग जीव घुसमटल्यासारखा ठसका.

"माय... नाकातून पानी येऊन राहिलं वो... माय..."

आवाज मेघाचा होता. रुखमिणी उठायला गेली, पण कमरेभोवतीचे इवलेसे हात सुटेनात. मांडीवरची पोर शांतपणे म्हणाली, "जाऊ नको. थांबते थे आता."

आतला आवाज बारीक होत गेला... आणि थांबला.

धुरपता आत जाऊन आली. "खाटेवर कोणी नाही... पन उशी चिंब झाली. दोरीतून पानी टपकून राहिलं."

मांडीवरच्या पोरीनं रुखमिणीच्या खांद्यावर मान टेकली आणि हळूच विचारलं,

"झोपली का मेघा?"