तिसरी फुंकर

प्रश्न १ : सध्या धूम्रपान करता का?

तो पेशंट नव्हताच. व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसला होता, एवढंच. मी श्वासातला धूर मोजणाऱ्या यंत्राची नळी पुढे केली आणि म्हटलं, "श्वास धरा. पंधरापर्यंत. आता सोडा... हळू, अगदी हळू."

त्याने मुकाट्याने फुंकर मारली. आकडा चढत गेला. तेवीस. लाल दिवा.

"ओढता?"

"यंत्राला विचारलंत ना, मग मला कशाला?"

"फॉर्मवर माणसाचा शब्द लिहायचा असतो. यंत्राचा नाही."

"मग लिहा, वेल्डिंगचा धूर आहे."

"वेल्डिंगचा धूर सिगारेटच्या पाकिटातून येतो?" त्याच्या खिशातून पाकीट अर्धं बाहेर आलं होतं.

तो हसला. "मी कठडा जोडायला आलोय. बाहेरच्या उताराचा. पण तुम्ही इतक्या मायेने नळी दिलीत, नाही कसं म्हणणार?"

माझे कान तापले. रांगेतल्या सगळ्या बाया हसल्या. त्यांनीच मला 'फुंकरबाई' हे नाव ठेवलं होतं.

प्रश्न २ : दिवसाला किती?

"दहा," तो म्हणाला. "तुम्हाला वाईट वाटत असेल तर नऊ."

तो इथलाच, आदिवासी, त्यामुळे त्याचं नाव यादीत होतंच. नावापुढे सहा वर्षांची कोरी जागा. ती जागा भरणं हेच माझं काम. दवाखाना आदिवासींचा, त्यांच्याच समितीने चालवलेला. मी बाहेरची, दोन वर्षांच्या करारावर आलेली नर्स. समितीच्या अध्यक्षांना सगळे आत्या म्हणत, मीही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "आम्हाला मोजायला आजवर खूप जण आले, पोरी. न विचारताच लिहून गेले की हे सगळे ओढतात. तू प्रत्येकाला विचार. आणि तो सांगेल ते खरं लिही."

मी नियम समजावून सांगितला. ओढणाऱ्याने दर तीन महिन्यांनी यायचं.

"आणि सोडली तर?"

"मग वर्षातून एकदा."

तो उठला, हातमोजे झटकले. "वर्षातून एकदा? मग नाही परवडणार, सिस्टर."

दारात थांबला.

"सिस्टर म्हणायचं नाहीये मला तुम्हाला. दुसरं काहीतरी शोधतो."

प्रश्न ३ : सोडण्याची इच्छा आहे का?

दुसऱ्या खेपेला सतरा.

"इच्छा आहे," तो म्हणाला. "पण कोणाचं तरी ऐकून सोडायची आहे. तुम्ही ओरडतच नाही."

"ओरडायचं शिकवलेलं नाही आम्हाला."

"मग नुसतं बघा. तेही चालतं."

बघितलं मी. काय करणार.

तिसऱ्या खेपेला, पहिल्या फुंकरीनंतर सहा महिन्यांनी, तो आंघोळ करून आला. ओले केस, साबणाचा वास, खालून किंचित लोखंडाचा. एक सिगारेट कानावर अडकवलेली. फुंकर मारली. आकडा हलला, थांबला.

तीन. हिरवा दिवा.

सहाच्या खाली म्हणजे त्या माणसाने ओढलेली नाही. आज नाही, कालही नाही.

मी यंत्र माझ्याकडे वळवलं.

"वेल्डिंग बंद आहे का?"

"जोरात चालू आहे."

"आणि सिगारेट?"

त्याने कानावरच्या सिगारेटला बोट लावलं. "ओढतो की. दिवसाला दहा."

तिच्यावर तेलाचा एक डाग होता, वाटाण्याएवढा. पुढच्या खेपेला, तीन महिन्यांनी, डाग तसाच होता. त्याच्या पुढच्या खेपेलाही. कागद पिवळा पडला होता, टोकाकडून तंबाखू सांडत होती. एकच सिगारेट कानावर घेऊन हा माणूस गावभर हिंडत होता, मित्रांसमोर, दुकानासमोर, माझ्यासमोर... दर तीन महिन्यांनी वीस मिनिटं माझ्यापुढे बसायला मिळावं म्हणून.

(इथे मी काय म्हणायला हवं होतं : सुटली ना तुझी? मला कळलंय. मलाही तू आवडतोस.)

(इथे मी काय म्हटलं : "पुढची तारीख लिहून घ्या.")

आणि फॉर्मवर लिहिलं : ओढतो. दहा.

त्याचाच शब्द होता. माझं काय चुकलं? असं मी स्वतःला तीन वेळा विचारलं. तीनदा विचारावं लागलं, यातच काय ते आलं.

प्रश्न ४ : घरात आणखी कोण ओढतं?

हा प्रश्न आत्यांना कोणी विचारत नसे. उत्तर भिंतीवर होतं. त्यांचे यजमान, हार घातलेल्या फोटोत, फुप्फुसं निकामी होऊन गेलेले.

आत्यांनी दर गुरुवारी सोडू पाहणाऱ्यांची बैठक सुरू केली होती. दारोदार जाऊन पुरुषांना बोलवायच्या, कधी हाताला धरून आणायच्या. वर्षाचा हिशोब मी समितीपुढे वाचला. नावं वाचायची नसतात, फक्त आकडे.

"कामाच्या वयाचे पुरुष एकेचाळीस. ओढणारे चोवीस."

"आणि गेल्या वर्षी?"

"चोवीस."

पंखा फिरत होता. आत्यांनी चष्मा काढून पदराने पुसला.

"म्हणजे एकानेही नाही?"

मी मांडीवरचा गठ्ठा सारखा केला.

"एकाने तरी, गं? वर्षभरात एकसुद्धा पुरुष नाही?"

होता. माझ्या मांडीवरच्या त्या गठ्ठ्यात, वरून सातव्या कागदावर. तोंड उघडायचं, एवढंच काम. पण तोंड उघडलं असतं तर तो वर्षातून एकदा आला असता.

"नाही, आत्या," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग गुरुवारच्या खुर्च्या उचलून ठेवायला सांगा. माणसांचा जीव खाण्यात अर्थ नाही."

प्रश्न ५ : केव्हा सोडली?

दुसऱ्या दिवशी तो तारखेशिवाय आला. कानावर काही नव्हतं. बसलाही नाही.

"गुरुवार बंद झाला म्हणे. एकानेही सोडली नाही म्हणून."

"हो."

"तुला माहीत होतं?" पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. किती वाट पाहिली होती मी त्या शब्दाची. आणि आला तो असा.

"तिसऱ्या फुंकरीपासून."

त्याने मोकळ्या कानाला बोट लावलं. "मला वाटायचं, मी फार हुशार आहे."

"तू खोटं का बोललास?"

"ते तुला माहीत आहे. तू का लिहिलंस?"

"...तेही तुला माहीत आहे."

क्षणभर वाटलं, आता हसेल. ओठ हललेही. पण नाही.

"मी खोटं बोललो ते एका बाईशी," तो म्हणाला. "तू लिहिलंस ते आमच्या सगळ्यांच्या नावावर. असं लिहिणारे खूप होऊन गेले इथे. त्यांच्यात तू... तू तरी नको होतीस." मग खुर्ची ओढून बसला. "घे पेन. सोडली. दहा महिने झाले."

मी लिहिलं. अक्षर माझं वाटेना.

संध्याकाळी मी आत्यांकडे गेले. सगळं सांगितलं. कोण, ते नाही सांगितलं.

"एक होता?" त्या म्हणाल्या. मग पुन्हा, हळू, "एक होता..." आणि खाली बसल्या. हसत होत्या की रडत होत्या, कळेना. बऱ्याच वेळाने नाक पुसून म्हणाल्या, "तुझा करार आता वाढवता येणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय."

"महिन्याअखेर मोकळी हो. लबाड माणसाला मी ठेवत नाही, मग त्याचं कारण कितीही गोड असो." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. त्यांना कोण ते कळलं असावं. "आणि गुरुवारी लवकर ये. खुर्च्या परत लावायच्यात."

प्रश्न ६ : कशामुळे सोडली?

बैठकीला अकरा पुरुष आले. तो स्वतःहून उभा राहिला. कुणी तरी शिट्टी मारली.

"कशी सोडलीस रे?" मागून एक जाडा म्हणाला. "औषध घेतलंस?"

"नाही."

"मग? देवाला नवस?"

"एका माणसासमोर बसायचं होतं," तो म्हणाला. "जवळ. म्हटलं, तोंडाला वास नको."

खोली हसून लोटपोट. आत्यासुद्धा. तो माझ्याकडे बघत नव्हता. मी शेवटच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी होते.

पुढची तारीख :

शेवटच्या दिवशी दुपारी मी बॅग घेऊन निघाले, तर तो उतारावर, कठड्याला टेकून उभा.

"सांगायचं राहिलं होतं," मी म्हटलं. "तू आवडतोस मला. तीनचा आकडा आला त्या दिवशीच सांगणार होते."

"मग?"

"तू वर्षाने आला असतास."

तो बघतच राहिला. मग हसला, पण त्या हसण्याने मला रडूच आलं.

"अगं वेडे... दवाखान्याबाहेर रस्ता आहे. मी रोज याच रस्त्याने कामाला जातो. तू रोज याच रस्त्याने घरी जातेस. आपल्याला भेटायला तारीख कशाला लागत होती?"

पण तोही दर तीन महिन्यांनीच आला होता.

"राग गेला?" मी विचारलं.

"अर्धा." मग, बॅग माझ्या हातून घेत, "उरलेला जायला वेळ लागेल. आणि तुझी बस साडेचारची."

आम्ही चाललो. तो बाहेरच्या बाजूने, मी आतल्या. बोललो फारसं नाही. त्याने एकदा म्हटलं, "इथे खड्डा आहे, जपून." वळणापर्यंत अकरा मिनिटं लागली. दीड वर्षात एकदाही सोबत न चाललेली अकरा मिनिटं.

वळणावर तो थांबला. "ते बघ, माझं वर्कशॉप."

निळा पत्रा, उघडं दार, दारात एक अर्धवट जोडलेली खिडकी उन्हात टेकवून ठेवलेली. रोज समोरून जात होते मी, त्याचं आहे हे ठाऊक नव्हतं. इतकं जवळ होतं.

बस आली.

"छान आहे," मी म्हटलं. मग त्याच्या हातून बॅग घेतली.