जुन्या फाइल्स ठेवायच्या का?

दुरुस्तीच्या दुकानात दोघांचे लॅपटॉप एकाच टेबलावर उघडे पडले होते. तिचा तर पार म्हातारा, विंडोजचं ओझं त्याला पेलवतच नव्हतं.

"विंडोज काढून लिनक्स टाकून बघा, हलकं असतं," शेजारचा म्हणाला.

"मी? अहो, साधा प्रिंटर माझं ऐकत नाही!"

"मग तर मला तुम्हीच हव्यात..." तो म्हणून गेला, आणि कानापर्यंत लाल झाला.

नवख्यांना लिनक्स बसवणं सोपं जावं, याचंच काम तो करत होता. दर रविवारी ती त्याच्या खोलीवर जाई आणि एका जुन्या मशीनवर लिनक्स पुन्हा नव्याने बसवी. नियम एकच – ती अडली तरी त्याने बोलायचं नाही. ती अडेल ती पायरी तो पुढच्या रविवारपर्यंत सोपी करी. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या की त्याचा हात माउसकडे येई, आणि ओशाळून मागे जाई... त्या हातावर बाईसाहेब भाळल्या, दुसरं काय!

पण हळूहळू अडायला काही उरेना. सगळं झरझर होऊ लागलं आणि तिचा जीव खालीवर होऊ लागला. मग एका रविवारी, 'जुन्या फाइल्स ठेवायच्या का?' या सरळ प्रश्नापुढे ती मुद्दाम गोंधळून बसली. त्याने तो प्रश्नच काढून टाकला.

पुढच्या रविवारी त्याची आत्या खोलीत रडत बसली होती. भाच्याचं कौतुक म्हणून तिने घरी लिनक्स बसवलं होतं, आणि काही न विचारताच तिच्या गेलेल्या नवऱ्याचे सगळे फोटो पुसले गेले होते.

आत्या गेल्यावर तो म्हणाला, "बंद करतो हे काम. माणसं कुठे अडतात, तेच मला कळत नाही."

ती गप्प राहिली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण त्याचा पडलेला चेहरा तिला बघवेना.

"तो प्रश्न अवघड नव्हता. मला पहिल्याच दिवशी कळला होता... मी नाटक केलं. तुमच्याजवळ आणखी थोडं बसता यावं म्हणून – मला तुम्ही आवडता."

 त्याने मशीनकडे वळून तो प्रश्न परत घातला. 

"मलाही तुम्ही आवडायच्यात," तो म्हणाला. "म्हणून तर चाचणीला दुसऱ्या कुणाला बोलावलंच नाही."

आवडता नव्हे, आवडायच्यात! तिने पर्स उचलली. बाहेर पडल्यावर दार तिनेच ओढून घेतलं.