पहिल्याच वाक्यातली चूक

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी घरात नेहमीसारखीच गडबड होती. फळ्यासमोर बाबा, कॅमेऱ्यामागे धडे चित्रित करणारा तो, आणि जमिनीवर मी, कागदाचे चौरस कापत बसलेली. ज्या शाळांना गणिताचा शिक्षकच नाही, तिथल्या टॅबवर आमचे धडे जायचे. गणित बाबांचं, प्रयोग माझे, तंत्र त्याचं.

पहिल्या दिवशी कॅमेरा लावता लावता तो चाचरत म्हणाला होता, "सर... अर्धा अधिक एक तृतीयांश, दोन पंचमांश नाही होत."

"शाब्बास कॅमेरेवाले! प्रत्येक धड्यात मी एक चूक पेरतो. ती पकडायला मुलं डोळे उघडे ठेवतात."

तो कानापर्यंत लाल झाला. मी हसू दाबलं... ते त्याने पाहिलं.

तेव्हापासून आमची पैज. चूक ज्याला उशिरा सापडेल त्याने चहा करायचा.

"तुम्ही मुद्दाम हरता," मी एकदा म्हटलं.

"चहात साखर किती, हे बघायला तुम्ही येता ना आत..."

त्या शेवटच्या दिवशी बाबांनी लिहिलं – चौरसाची बाजू दुप्पट केली, की क्षेत्रफळही दुप्पट. मग खडू ठेवला. "उरलेलं उद्या. फळ्यावरची चूक तुम्हा दोघांना लगेच दिसते. समोरचं मात्र दिसत नाही!"

पहाटे ते झोपेतच गेले.

महिन्याभराने तो आला. अर्धा धडा त्याने मुलांना पाठवला होता. टॅबवर निरनिराळ्या शाळांतले फोटो – वर्तमानपत्राचे, वहीच्या पानांचे चौरस. मोठ्या चौरसावर चार छोटे. खाली एकच ओरड : सर, सापडली!

"त्यांना उत्तर द्यायला हवं," तो म्हणाला. "एवढं झालं, की माझं इथलं काम संपतं."

मी बाबांचा खडू उचलला. "मुलांनो, हा आपला शेवटचा धडा." चार चौरस मांडले, मुलांना शाब्बास म्हटलं.

त्याने कॅमेरा बंद केला. बराच वेळ केबल गुंडाळत राहिला. "आज... चूक पेरली नाहीत?"

"पेरली."

"कुठे? मला कशी दिसली नाही?"

"पहिल्याच वाक्यात. शेवटचा धडा म्हटलं ना, ते चूक. चहा तुम्ही करा... आणि जाऊ नका. मला तुम्ही आवडता. बाबांना कळलं होतं, तुम्हालाच सांगायचं राहिलं होतं."