चुलबंद आवतन

कामिनी त्या दिवशी साकोलीला गेली ती फोनची तडकलेली काच बदलायला. एकोडीहून सकाळची एसटी धरायची, काच बसवून घ्यायची, येताना गोडेतेल आणि लेकीसाठी रिबिनी घ्यायच्या, की दुपारच्या आत घरी. एवढंच काम होतं.

काच बसवणारा प्रविण ओळखीचा. तिचे व्हिडिओ बघणाऱ्या मोजक्या माणसांतला तो एक. कामिनी मातीच्या चुलीवर झाडीपट्टीतलं रांधून दाखवायची. तरोट्याची भाजी, लाखोरीचे वडे, जवसाची चटणी. बाईच्या हाताला चव होती आणि बोलण्यालाही होती, पण बघायला कुत्रं फिरकत नव्हतं. धूर डोळ्यांत घेऊन दिवसभर खपावं आणि लाइक यावेत ते माहेरच्या चार माणसांचे! तिचा नवरा योगेंद्र काही बोलायचा नाही. जाऊ मात्र येता-जाता विचारायची, “काय वो, झाली का फेमस?” ते कामिनीच्या जिव्हारी लागायचं.

“लाइक विकत घ्या न वहिनी,” प्रविण म्हणाला. “सारेच घेते. आधी खोटी गर्दी दिसली का मंग खरी गर्दी येते. मंडईतल्या दुकानावानी.”

“अन बाहेरदेशातले नावं दिसले तं? लोकं हासतील मले.”

“मंग हा नंबर घ्या. हा म्हने आपल्याच इकडचे देते.”

स्टँडवर एसटीची वाट बघता बघता तिनं नंबर लावला. पलीकडे कोणी बाप्या माणूस होता. आवाज खालचा, थकलेला, अंगणाच्या बाहेर उभं राहून कोणी हाक द्यावी तसा.

“कोनते पाहिजे बाई? बाहेरचे, का आपले?”

“आपलेच पाहिजे जी. एकोडीतले. नावावरून वळखू आले पाहिजे.”

“असं...” त्याच्या मागे पाणी हलल्यासारखं वाटलं. “मंग आवतन मानसी द्याचं, का चुलबंद?”

आवतन म्हणजे जेवायचं बोलावणं, हे झाडीत लेकरालाही कळतं. घरटी एकाला बोलावलं तर ते मानसी. आणि चुलबंद म्हटलं की त्या घरी त्या दिवशी चूल पेटवायचीच नाही. म्हातारंकोतारं, कडेवरचं लेकरू, सगळ्यांनी पंगतीला यायचं. फोनवरच्या धंदेवाल्यानं लाइकांना आवतन म्हणावं, याची कामिनीला गंमत वाटली.

“चुलबंदच द्या,” ती हसत म्हणाली. “कोनी सुटलं नाही पाहिजे.”

तिथल्या तिथे तिनं पैसे पाठवले. विकतचं दुखणं म्हणतात ते हेच, पण घेताना ते कोणाला कळतं?

रोवण्याचे, भातलावणीचे दिवस होते. भर रोवण्यात दुपारचं गाव कसं असतं ते बघितल्याशिवाय कळायचं नाही. दारांना कड्या, गल्लीत चिटपाखरू नाही, वर आभाळ भरून आलेलं आणि चहूकडे धानाच्या बांध्यांत साचलेल्या पाण्याचा वास. पुढच्या रविवारी योगेंद्र रोवण्याला गेला, शाळेला सुट्टी म्हणून आठ वर्षांची खुशबूही त्याच्यासोबत गेली. रोज चिखलात राबून कामिनीच्या पायांना चिखल्या झाल्या होत्या, म्हणून ती घरी राहिली. सोबतीला तेवढी शेजारची बेबीबाई. म्हातारीला डोळ्यांनी कमी दिसायचं, ती ओसरीवर लसूण सोलत बसली होती.

फोन टिंग वाजला. मग परत वाजला. मग थांबेचना.

“आले वो मावशी! लाइक आले!” कामिनी लहान पोरीसारखी नाचली. “आयका, नावं वाचून दाखवतो. नत्थू... सीताबाई... चंद्रकुमार... कवडू...”

लसूण सोलणारा हात थांबला.

“पुन्हा वाच.”

कामिनीनं पुन्हा वाचलं. बेबीबाई बोटानं हवेत काहीतरी दाखवत होती, एकेका नावाला बोट थोडं पुढे सरकत होतं.

“हे तं घरोघर चाललं न वो...” ती म्हणाली. “नत्थूचं घर पह्यलं. त्याच्या बाजूले सीताबाई. मंग चंद्रकुमारचं घर. मंग आमचं.”

“कोनती गल्ली मावशी?”

“तलावाच्या पारीखालची. हगवनीची साथ आली तवा सारी गल्ली गेली. मी माहेरी होतो म्हनून वाचलो.” तिनं पदर तोंडाला लावला. “कवडू माहा नवरा होय.”

कामिनीला तलावाच्या बांधाखालची ती गल्ली माहीत होती. आता तिथे नुसती जोती उरली होती आणि त्यांवर तरोटा माजला होता. व्हिडिओतली भाजी तिनं तिथूनच खुडली होती. तिनं फोनकडे पाहिलं. नावांखाली आता शब्दही येऊ लागले होते. सगळ्यांचे तेच.

चूल बंद हाये.

चूल बंद हाये.

चूल बंद हाये...

तिनं घाईघाईनं व्हिडिओ पुसून टाकला. व्हिडिओ गेला, पण फोन टिंगटिंगतच राहिला. मग तिनं तो नंबर लावला.

“मले नाही पाहिजे लाइक. बंद करा जी. पैसे ठेवून घ्या.”

“आवतन देऊन वापस घेतलं, असं आयकलं का तू कधी?” तोच थकलेला आवाज होता. “निंगाले बाई सारे. लय दिवसांचे उपाशी हायेत. तू रोज दाखवे... वाढे मात्र नाही.”

फोन बंद झाला. कामिनी मटकन खाली बसली. तिला रडू येत होतं, पण भीतीनं रडूही फुटेना. बेबीबाई मात्र उठून उभी राहिली होती.

“ऊठ. रांध. आवतन दिलं तं वाढा लागते. उपाशी उठले तं घरातलं एखादं मानूस संग नेते ते.”

घरातलं माणूस म्हणजे कोण? योगेंद्र की खुशबू? दुसरं होतंच कोण त्या घरात! कामिनीनं कोठीतला होता नव्हता तांदूळ उपसला. बेबीबाईनं आपल्या घरचा आणला. चूल धडधडून पेटली. भात, वरण, तरोट्याची भाजी. चिखल्यांनी सोललेले पाय घेऊन ती गंजावर गंज उतरवत राहिली, आणि फोन कोपऱ्यात वाजत राहिला.

दुपार कलंडत असताना दोघींनी ते सगळं पारीखाली नेलं. एकेका जोत्यावर पळसाच्या पत्रावळी मांडल्या आणि वाढलं. बेबीबाईनं कवडूच्या जोत्यावर जरा जास्तच भाजी वाढली. मग बोलावणं करायचं ते कामिनीनं करायचं होतं, कारण यजमानीण ती.

“चला...” ती म्हणाली. “जेवाले चला.”

“आता पाठ कर,” बेबीबाई कुजबुजली. “जेवत्या मानसाच्या तोंडाकडं पाहू नाही.”

दोघी तलावाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. वारा नव्हता. तरी मागे पत्रावळी करकरल्या. मग भात कालवल्याचा पचपच आवाज, वरण भुरकल्याचा, लेकरू चिरचिरल्याचा, कोणी म्हातारं ठसकल्याचा. ओल्या मातीचा आणि खूप दिवस बंद असलेल्या घराचा वास आला. कोणीतरी कामिनीच्या अगदी पाठीशी येऊन उभं राहिलं. तिनं डोळे घट्ट मिटले आणि मनातल्या मनात लेकीचं नाव घेत राहिली.

नंतर एक भलीमोठी ढेकर ऐकू आली, आणि सगळं निवांत झालं.

वळून पाहिलं तर पत्रावळी चाटूनपुसून साफ, नीट दुमडून ठेवलेल्या होत्या.

“जेवले वो,” बेबीबाई म्हणाली आणि तिथेच बसून रडली. “पोटभर जेवले.”

घरी आल्यावर कामिनीनं फोन पाहिला. तो गप्प होता. तिनं देवाजवळ दिवा लावला, हात जोडले, आणि आता आपल्या माणसांसाठी भात टाकला. कोठी झाडून त्यांच्यापुरता तांदूळ निघाला होता. व्हिडिओ गेले खड्ड्यात, लेकरू येईल, भुकेलं असेल. कितीतरी दिवसांनी तिला असं हलकं वाटत होतं.

दिवस मावळता मावळता योगेंद्र आला. अंगणात पाय धुतले, खाटेवर टेकला.

“वाढू न?” तिनं विचारलं.

“नाही वो. पोट टम्म झालं.”

“डबा तं तसाच वापस आनला तुमी.”

“बलावाले आले होते न बांधीवर. म्हने, तुमच्या घरचं आमी खाल्लो, आता तुमी आमच्या इथं चला. चुलबंद. नाही कसं म्हनाव?” तो सुखानं हसला. “केवढी पंगत होती! सारे वळखीचेच वाटे... नाव मात्र एकाचं आठवून नाही राहिलं.”

कामिनीच्या हातातून भाताचा गंज निसटला.

“खुशबू कुठी हाये?”

“येते न. तिचं जेवन झालं नोहतं. तिथल्या बाया म्हने, लेकराले अर्ध्या पानावरून उठवू नाही, तुमी व्हा समोर...”

कामिनी अनवाणी धावत सुटली. पारीवर चढली. खाली जोत्यांवर अंधार उतरत होता, तरोटा हलत होता, माणूस कोणी नव्हतं.

“खुशबूऽऽ! ये खुशबूऽऽ!”

“ओऽ...”

आवाज तिच्या लेकीचाच होता. अगदी जवळून आला, खालून, मातीच्या अंगानं. तोंडात मोठा घास असताना माणूस ओ देतं, तसा.